पिराजी मार्करची काठी

पिराजीमामांनी जुन्या धोतराची गुंडाळी कामाच्या फळीवर उलगडली आणि अब्बांच्या हातातली कानस जागच्या जागी थांबली.

"या अल्ला," अब्बा म्हणाले. "हिच्यावरून रणगाडा गेला की काय?"

"टेम्पो," पिराजीमामा म्हणाले. "काल सांजच्याला, इश्रामबागच्या चौकात. पुतण्याच्या गाडीला बांधली हुती. गाडी गचक्यात उसळली, दोरी सुटली, काठी रस्त्यावर. मागनं टेम्पो आला. डोळ्यादेखत चाक गेलं बगा, दस्तगीरभाई."

काठी म्हणजे पूल या बिलियर्डसारख्या खेळाची काठी. दोन तुकड्यांची, मध्ये पितळी पेच. पुढचा निमुळता तुकडा धड होता. मागचा, हातात धरायचा तुकडा मात्र पेचापासून दीड वीत उभा चिरला होता. त्यावर हस्तिदंती शंकरपाळ्या बसवलेल्या होत्या. त्यातल्या तीन निखळल्या होत्या. दोन मामांनी रस्त्यावर रांगून शोधल्या होत्या आणि रुमालात बांधून आणल्या होत्या. तिसरी गेली ती गेलीच.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मिरजेच्या आमच्या गल्लीत सतार, तंबोरा आणि दिलरुबा याशिवाय दुसरं काही दुरुस्तीला येत नसे. फार तर एखाद्या भजनी मंडळाची वीणा. पूलची काठी मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतली, आणि खरं सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. असलं शंकरपाळ्यांचं काम! लाकडात हस्तिदंत, त्याला केसाएवढी काळी कड, आणि सांधा कुठे म्हणून दिसेल तर शपथ. कुठल्या तरी अमेरिकन कारागिराने ती हाताने केली होती आणि आयुष्यभरात म्हणे त्याने तीसेकच केल्या. मामा काम करत त्या क्लबातले एक डॉक्टर मुलाकडे तिकडे राहायला गेले, त्यांनी आठवणीने मामांना पाठवली होती. पुण्याचा एक शौकीन ती मागायला दोनदा येऊन गेला होता. मामांनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून वाटेला लावला.

पिराजी आवळे गावातल्या जुन्या क्लबात चौतीस वर्षं मार्कर होते. मार्कर म्हणजे टेबल झाडणारा, फळ्यावर गुण मांडणारा, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळून बेताने हरणारा माणूस. क्लबाच्या स्पर्धेत मार्करला मज्जाव. साहेब लोक त्यांच्याकडून शिकायचे आणि कप घरी न्यायचे. पण त्या वर्षी सांगलीत एक नवा पूल पार्लर निघाला आणि त्याने खुली स्पर्धा ठेवली. कुणीही या आणि खेळा. अठ्ठावन्नाव्या वर्षी मामांनी फॉर्म भरला. बुधवारी उपांत्य सामना जिंकला. परत येताना हे असं झालं होतं, आणि अंतिम सामना रविवारी सकाळी अकराला होता.

"जिंकणारा पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जाणार," मामा म्हणाले. "न्हाई जिंकलो तरी चालंल. पर एकदा माज्या नावानं खेळू दे मला. फळ्यावर माजं नाव आसंल आणि दुसरं कुणीतरी गुण मांडंल."

अब्बांनी चिरेवर नख फिरवलं. "दुसऱ्या काठीने नाही का खेळता येत?"

"ईस वर्सं हात बसलाय हिच्यावर. तीन दिसांत दुसरी काठी म्हंजे तीन दिसांत दुसरी बायकू."

अब्बा हसले. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, इथे ते मराठीत सांगतो आहे. पुढे ते जे म्हणाले ते मात्र कुठल्याही भाषेत मला तितकंच गोड लागलं असतं. "मुबारक करेल," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले.

मी एकतीस वर्षांचा होतो, दोन मुलांचा बाप होतो, आणि तोवर एकही वाद्य अब्बांचा हात शेवटचा फिरल्याशिवाय आमच्या दुकानाबाहेर गेलेलं नव्हतं. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता, तरीही नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"रविवारी सकाळी नऊला तयार मिळेल, मामा," मी म्हणालो. आमच्या धंद्यात कुणी अशी वेळ सांगत नाही. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं आणि कानस पुन्हा उचलली.

मग तीन दिवस मी जेवायलासुद्धा नीट उठलो नाही. चिरेत बांबूची काडी घालून ती हलकेच उघडी केली, कातडं उकळून केलेला गरम सरस दोऱ्याने आतवर ओढला, आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून काठी करकचून बांधली. बाजारात डब्यातले गोंद तेव्हाही मिळत, एकदा चिकटले की जन्माचे. आमच्या घरात सरसच. वाद्य आज ना उद्या पुन्हा उघडावं लागतं. सरसाला ऊब आणि ओल दाखवली की तो मुकाट्याने सोडतो. शुक्रवारी उंटाच्या हाडातून हरवलेली शंकरपाळी कापली आणि चहापत्तीच्या पाण्यात घालून जुन्या हस्तिदंताच्या रंगावर आणली. चौथी एक शंकरपाळी पडली नव्हती, पण तिची एक कड नखभर वर आलेली होती. चाकाच्या दाबाने उचलली असणार, असं मी धरून चाललो. तीही काढली, खाच साफ केली, सपाट बसवून वरून कानस मारली. शनिवारी लाखेच्या चपड्याचं पॉलिश. कापसाचा बोळा, एकावर एक पंधरा हात.

मध्ये एकदा मामा डोकावून गेले. मी पुढचा तुकडा काचेवर गडगडवून पाहत होतो.

"मामा, यात तांदळाएवढा वाक आहे. काढून टाकू?"

"त्येला हात लावू नगंस!" मामा जवळजवळ ओरडलेच. "कुठल्या अंगाला वाक हाय त्ये मला ठावं हाय. तसंच ऱ्हाऊ दे."

रविवारी सकाळी अब्बांनी परीक्षा घेतली. आमच्या घरात परीक्षा एकच. डोळे मिटायचे आणि सतारीच्या दांडीवरून अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. वाजवणाऱ्याचा अंगठा मागून दांडीवर घसरत असतो. नक्षीचं एक टोक जरी त्याला अडलं तरी काम नापास, मग ते दिसायला कितीही देखणं असो. लहानपणी या अंगठ्यापायी मी कितीदा मार खाल्ला असेल! अब्बांनी डोळे मिटले आणि काठीवरून अंगठा नेला. एकदा, मग उलटा, मग पुन्हा.

"कुठे लागत नाही," ते म्हणाले. "झालं."

मला त्यांना उचलून नाचावंसं वाटलं. मामांनी काठी उन्हात धरली, फिरवून फिरवून पाहिली, त्यांना चीर कुठे होती तेच सापडेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तिघे रिक्षाने सांगलीला निघालो, काठी मामांच्या मांडीवर आडवी. वाटेत मी रिक्षावाल्यालाही ती दाखवली.

पार्लरमध्ये ही गर्दी. मिरजेच्या क्लबातले चारपाच साहेबही आले होते, आपला मार्कर कसा खेळतो ते बघायला. फळ्यावर खडूने लिहिलं होतं, पिराजी आवळे आणि सौरभ मगदूम. सौरभ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, खेळात तयार आणि वागायला नम्र. त्याने मामांना वाकून नमस्कार केला. जो आधी पाच फ्रेम घेईल तो जिंकणार. आपले सात बॉल घालायचे आणि शेवटी काळा, की फ्रेम झाली.

पहिल्या फ्रेममध्ये मामांनी सोपा बॉल सोडला. दुसऱ्या फ्रेममध्ये दोन सोडले. बॉल पॉकेटच्या ओठापर्यंत जात आणि थबकत. मागचा एक साहेब म्हणाला, "म्हातारा दबला बघ." दुसरा म्हणाला, "खेळवणं वेगळं आणि खेळणं वेगळं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिसरी फ्रेमही गेली. फळ्यावर तीन-शून्य लागलं आणि पंधरा मिनिटांची सुट्टी झाली.

मामा कोपऱ्यातल्या बाकावर येऊन बसले. चेहरा पार उतरलेला.

"मुबारक, तुजं काम सोन्यासारकं हाय," ते म्हणाले. "पर काठी माजी न्हाई वाटत. का ते सांगता येत न्हाई."

वजन? मी तोलून पाहिलं होतं. पेच? घट्ट होता. मी काय बिघडवलं होतं? मग मला एक आठवलं. प्रत्येक फटक्याआधी मामा काठी मुठीत जराशी फिरवत होते. थांबत, आणि पुन्हा फिरवत. दिवे गेल्यावर आपण भिंतीवर बटण चाचपतो, तसा त्यांचा अंगठा काठीवर काहीतरी चाचपत होता.

"मामा, डोळे मिटा," मी म्हणालो. "काठी धरा. खेळताना धरता तशी."

त्यांनी धरली. काठी मुठीत फिरली. अंगठा सरकत सरकत एका शंकरपाळीवर आला, तिथे घुटमळला, पुढे गेला, परत तिथेच आला.

"तिथे काय शोधताय?"

"मी कुठं काय शोधतोय?" मामा डोळे न उघडताच म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हितं कायतरी हुतं, मुबारक. बोटाला लागायचं. काय त्ये म्हाईत न्हाई."

मला मात्र माहीत होतं. ती चौथी शंकरपाळी! तिची कड टेम्पोने उचलली नव्हती. ती कित्येक वर्षं तशीच उचललेली होती, आणि मामांचा अंगठा तिच्यावर टेकला की तांदळाएवढा वाक बरोबर त्यांच्या सवयीच्या अंगाला येत होता. वीस वर्षं हे चाललं होतं आणि मामांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. मी आमच्या घराण्याच्या शहाणपणाने ती कड सपाट करून, वर चमकवून, त्यांच्या हातात परकी काठी दिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अब्बा," मी म्हणालो, "ती कड परत उचलायची."

"इथे? कशाने?"

"चहाने."

अब्बांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. "पॉलिश जाईल. पांढरा डाग पडेल."

"पडू दे."

"आणि चीर? चिरेचं टोक तिथून तीन बोटांवर आहे. तिथेही सरसच आहे, मुबारक. ऊब तिकडे गेली तर अख्खी काठी उघडेल."

मामा एकदा अब्बांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. "उगडली तर उगडली," ते म्हणाले. "अशी घिऊन खेळण्यापरीस बरी."

मी कँटीनमधून उकळता चहा आणला, साखर नसलेला. समोरच्या पानवाल्याकडून चुन्याची पळी आणि चाकू मागून घेतला. तो म्हणाला, "कुणाला मारायचंय?" मी म्हणालो, "माझ्याच कामाला." रुमालाची बारीक घडी केली, चहात बुडवली आणि माझ्या पंधरा हातांच्या पॉलिशवर ठेवली. पॉलिश दुधाळलं. पोटच्या पोराला चटका देतोय असं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

अब्बा समोर उकिडवे बसले आणि चिरेचा भाग त्यांनी दोन्ही मुठींत आवळून धरला. काही घट्ट पकडलं की त्यांचा हात थरथरत नसे.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "सरस सांगेल तुला."

एक, दोन, तीन वेळा रुमाल बदलला. भोवती माणसं जमली होती. सौरभही वाकून बघत होता. "काका, मी अजून वेळ मागू का पंचांकडे?" त्याने विचारलं. मामांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चाकूचं टोक मी कडेला लावलं आणि नुसतं टेकवलं. काही नाही. पुन्हा रुमाल. पुन्हा टोक. आणि शंकरपाळी जागची हलली! काडेपेटीतल्या काडीची ढलपी मी तिच्याखाली सरकवली, पळीच्या पाठीने दाबून धरली आणि तिच्यावर फुंकर घालत राहिलो. सरस थंड झाला की धरतो.

"मामा, डोळे मिटा."

अंगठा सरकला, कडेला लागला आणि थांबला. मामांचे खांदे खाली आले. त्यांनी डोळे उघडले ते थेट टेबलाकडेच.

मग जे सुरू झालं ते सांगताना आजही माझा आवाज चढतो. चौथी फ्रेम मामांनी एका दमात संपवली. सौरभला खुर्चीतून उठावंसुद्धा लागलं नाही. पाचवीत त्यांनी पांढरा बॉल टेबलाच्या तीन भिंतींवरून असा आणला की क्लबातले साहेब उभे राहिले. सहावीही त्यांचीच. तीन-तीन! सातवी सौरभने घेतली, पोरगं काही कमी नव्हतं. आठवी मामांची. फळा चार-चार झाला आणि अब्बा, जे मशिदीतसुद्धा कुणाला ढकलून पुढे जात नाहीत, ते दोन माणसांना कोपराने सारून टेबलाशी जाऊन उभे राहिले.

नववी फ्रेम. मामांचे सात बॉल गेले. काळा उरला, पण तो लांबच्या पॉकेटाजवळ, आणि पांढरा या टोकाला. पूर्ण टेबलाचा फटका, तोही जोराचा. मामा वाकले, काठी मुठीत फिरली, अंगठा बसला. त्यांनी काठी मागे ओढली, आणि मला आवाज आला.

टक्.

बारीकसा. खोलीत दुसऱ्या कुणाला तो ऐकू गेला नसेल. पण ज्याने जन्मभर लाकडाला कान लावला आहे त्याला तो कळतो. अब्बांनी गर्रकन माझ्याकडे पाहिलं. चीर उघडत होती.

मामांनाही ते मुठीत जाणवलं. ते न मारता सरळ उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरी काठी घेता आली असती. भिंतीला दहा उभ्या होत्या. ही आता ठेवली तर पुन्हा जोडता येईल. हिने हा फटका मारला तर काय होईल, ते मी सांगू शकत नव्हतो. तीस काठ्यांतली एक, डॉक्टरांची भेट, आणि माझं पहिलं एकट्याचं काम. पाचावर धारण बसली होती माझी.

"मारा, मामा," मी म्हणालो. बोललो म्हणजे, ओरडलोच.

मामा वाकले. या वेळी काठी एकदाच फिरली. फटका असा बसला की मला लाकडाचा चरचराट आणि बॉलचा आवाज एकदमच ऐकू आला. काळा बॉल निघाला तो कुठेही न डगमगता गेला, पॉकेटच्या ओठाला शिवलासुद्धा नाही. धाडकन आत.

कोण कुणाला मिठ्या मारत होतं देव जाणे. सौरभने मामांना उचललं. एक साहेब माझा हात धरून गदगदा हलवत होते आणि मी त्यांना "आमची काठी, आमची काठी" एवढंच म्हणत होतो. पंच खडू घेऊन फळ्याकडे धावला. मी रडत होतो आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

गर्दी जरा हटली तेव्हा मामा आमच्यासमोर येऊन उभे राहिले. मागचा तुकडा पेचापासून खालपर्यंत उघडला होता, दोन फाका नुसत्या एका टोकाला धरून होत्या. मामांनी तो दोन्ही हातांवर घेतला होता आणि ते हसत होते, दात नसलेल्या जागेसकट.

"दस्तगीरभाई," ते म्हणाले, "पुण्याला अठ्ठावीस तारकंला जायाचंय."

अब्बांनी तुकडा हातात घेतला. चिरेत डोकावून पाहिलं, मान तिरकी करून बोटांवर काहीतरी मोजलं आणि तो माझ्या हातात दिला.

"चौदा दिवस आहेत," ते मला म्हणाले. "सरस वाळायला पुष्कळ झाले. चल, रिक्षा बघ."